घर पाहावे पुसून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली तो बहुधा पुरुष असावा. घर बांधून झाले, वास्तुशांतीच्या पंगती उठल्या, की त्याच्या दृष्टीने घराचा विषय संपला. खरे घर सुरू होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, केरसुणी हातात घेतल्यावर. आणि मग ते रोज सकाळी नव्याने सुरू होत राहते. ‘घर पाहावे पुसून’ अशी म्हण घरातल्या बाईने नक्की केली असती. पण म्हणी करायला तिला सवड कुठे होती?

हे आठवायचे कारण असे, की आमच्या कोल्हापुरात अलीकडे लाकडी जमिनीची हौस आली आहे. नव्या फ्लॅटमध्ये, नव्या बंगल्यात निदान एका खोलीत तरी लाकडी फरशी हवीच. पाहुणा आला की घरधनी टाच आपटून आवाज ऐकवतो आणि सांगतो, ‘वूडन फ्लोअरिंग आहे बरं का!’ हौसेला मोल नाही आणि ही हौस वाईटही नाही. लाकूड थंडीत पायाला बोचत नाही, डोळ्यांना निववते, खोलीला एक ऊब देते. पण हौस फिटल्यानंतर त्या जमिनीची निगा राखावी लागते, आणि निगा म्हणजे काय हे आपण हळूहळू विसरत चाललो आहोत. सफाई आणि निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सफाई फडक्याने होते. निगेला फडक्यामागचा माणूस लागतो.

खरे तर लाकडी जमीन कोल्हापूरला नवी नाही. जुन्या पेठांतल्या वाड्यांना माडी असे. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. या सगळ्याला मिळून कडीपाट म्हणत. सागवान, ऐन, किंजळ, फणस, ज्याला जे परवडेल ते लाकूड. खाली सोप्यात आडवे पडून वर पाहिले की कडीपाट दिसायचा. पण जिना चढून माडीवर गेले की पायाला लाकूड लागत नसे. फळ्यांवर मातीचा थर चोपून बसवलेला असे आणि तो शेणाने सारवलेला असे. म्हणजे आमच्या लाकडी जमिनी मातीचे पांघरूण घेऊन निजलेल्या असत. त्यात मोठे शहाणपण होते. झीज सोसायची ती मातीने, लाकडाने नव्हे. आणि माती काय, सारवण झाले की पुन्हा नवी.

बँकेत आम्ही टेबल-खुर्च्यांवर दरवर्षी घसारा लावत असू. हा शब्द मला फार आवडतो. वस्तू वापरली की घासते, घासली की तिची किंमत उतरते, आणि ती उतरण हिशेबात मांडावी लागते. सारवणाच्या जमिनीचा घसारा आठवड्याच्या आठवड्याला भरून निघत असे. मात्र तो कोणाच्या खात्यातून निघत होता, हे कोणी विचारले नाही. आजी, आई, काकू उकिडव्या बसून आतल्या कोपऱ्यापासून सारवायला सुरुवात करत आणि हाताची बोटे फिरवत, मागे मागे सरकत दारापर्यंत येत. दारात पोहोचल्यावर मागे टेकून उभे राहताना तोंडातून ‘आई गं’ निघे. ती जमीन लखलखीत दिसे आणि आम्ही पोरे ती वाळायच्या आत तिच्यावर पाय उठवत असू. पडलेल्या पायांवर पुन्हा हात फिरे. शिवी मात्र क्वचितच मिळे.

मग शहाबादी फरशी आली. गुलबर्ग्याकडच्या शहाबादहून आलेल्या या दगडाने बायकांची निम्मी मेहनत वाचवली, हे त्याचे उपकारच. पण त्याबरोबर एक समजूतही आली, की दगडाला काही होत नाही. वाटेल तसा घासावा, वाटेल ते ओतावे. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांच्यावर ॲसिड ओतले की ते फसफसते आणि आपल्याला वाटते, मळ निघतो आहे. मळाबरोबर दगडही विरघळत असतो. वरचा गुळगुळीत पापुद्रा गेला की फरशी खरखरीत होते, खरखरीत फरशीत मळ जास्त बसतो, मग ॲसिड आणखी जास्त लागते. दिसायला ही सफाई, पण तिला निगा म्हणता येणार नाही. पुढे मोझॅक, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि ‘काही करायला नको अशी जमीन’ हेच आपले स्वप्न झाले. अशा स्वप्नात असताना आपण लाकूड घरात आणले आहे. गंमत आहे ती इथेच.

या गमतीचा पहिला अनुभव कोल्हापूरच्या अनेक आईवडिलांनी परदेशात घेतला. मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरीला, उन्हाळ्यात आईवडील सहा महिने तिकडे. घरभर ओक लाकडाची चकचकीत जमीन. दुसऱ्या दिवशी आईने आपल्या सवयीने बादली भरली, फडके पिळले न पिळले आणि पुसायला बसल्या. आतून सून धावत आली, ‘आई, पाणी नको!’ सासूबाईंना वाटले, सुनेला आपले काम पसंत नाही. सुनेला वाटले, सासूबाईंना आपल्या घराची पर्वा नाही. दोघींचेही चुकत नव्हते. एका बाईला पाण्याशिवाय स्वच्छता माहीत नव्हती आणि दुसरीने त्या जमिनीसाठी कर्ज काढले होते.

‘पाणी नको’ हा मंत्र मी मात्र गोव्यात ऐकला. नोकरीच्या निमित्ताने काही काळ पणजीत होतो. जुन्या पद्धतीच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. जमीन पूर्ण लाकडी, रुंद फळ्यांची, वर माती नाही की फरशी नाही. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी बादली पाहिली आणि बोट हलवून सांगितले, ‘उदक नाका, बाब!’ कारण साधे होते. फळ्यांच्या फटीतून पाणी ओघळले तर ते खालच्या दुकानदाराच्या डोक्यावर पडायचे. पण दुसरे कारण त्यांनी मला पुढच्या पावसाळ्यात दाखवले. जूनमध्ये फळ्यांमधल्या ज्या फटींत आठ आण्याचे नाणे उभे राहत होते, त्या ऑगस्टमध्ये मिटून गेल्या. हिवाळ्यात पुन्हा उघडल्या. लाकूड झाडावरून उतरले तरी हवेतले पाणी पिणे आणि सोडणे त्याने थांबवलेले नसते.

ते फुगते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. आमच्या ओळखीच्या एका सुतारमामांनी हे एका वाक्यात सांगितले होते, ‘साहेब, पावसाळ्यात फळी रुंद हुतीया. भिंतीकडंला फट ठेवली न्हाई, तर ती जाणार कुठं? वरच उठणार की ओ!’ नव्या जमिनीच्या फळ्या मध्येच का उचलल्या जातात, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. फळ्या आणल्या की लगेच ठोकू नयेत. काही दिवस त्याच खोलीत पसरून ठेवाव्यात, म्हणजे त्या घराच्या हवेशी जुळतात. नव्या सुनेलाही आपण चार दिवस देतोच की!

आता थोडे व्यवहाराचे बोलू. लाकडी जमिनीचा पहिला शत्रू पाणी नव्हे, वाळू आहे. पायाखाली आलेला वाळूचा कण लाकडापेक्षा कितीतरी कठीण असतो. आपण चालतो तेव्हा तो पॉलिश कागदासारखा जमीन घासत असतो. म्हणून रोज कोरडा केर काढणे, आणि तोही मऊ केरसुणीने, हे निम्म्याहून अधिक काम. पायताण उंबऱ्याबाहेर काढायची आपली जुनी रीत तर या जमिनीसाठीच जणू केलेली आहे. दाराबाहेर एक आणि दाराआत एक पायपुसणे ठेवावे. खुर्च्या-टेबलांच्या पायांना जाड कापडाचे, जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवावेत.

पुसायचे तर फडके इतके पिळावे की त्यातून थेंब निथळता कामा नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसावे आणि मागोमाग कोरडे फडके फिरवावे. पाणी, चहा, आमटी सांडली तर ‘बाई उद्या येईल’ म्हणून न थांबता तेव्हाच टिपून घ्यावी. फिनेल, सोडा, ॲसिड यांना या खोलीची पायरी चढू देऊ नये. ओली लोखंडी बादली टेकवू नये, खाली काळे कडे उमटते आणि ते सहज जात नाही.

जमीन पॉलिश मागते आहे का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे पाण्याचा एक थेंब. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वरचा थर शाबूत आहे, नुसते पुसणे पुरे. थेंब आत मुरला आणि लाकूड काळवंडले, तर तो थर झिजला आहे. वॉर्निशसारखा थर असेल तर तो चांगल्या कारागिराकडून घासून नवा करून घ्यावा लागतो. नुसते तेल दिलेली जमीन असेल तर तेवढ्याच भागाला घरच्या घरी तेल देता येते. मात्र तेल जवसाचे हवे. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट होते. शेंगतेल किंवा खोबरेल सुकत नाही, चिकट राहते आणि धूळ धरते. आणि एक सावधगिरी अगदी लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकता सुकता ते आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. ते पसरून, मोकळ्या हवेत वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.

घेण्याआधी आणखी एक गोष्ट विचारावी. दुकानात ‘लाकडी’ म्हणून जे दाखवतात ते नेहमी लाकूड असतेच असे नाही. लॅमिनेट या प्रकारात वर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा म्हणजे कागदावर छापलेले चित्र असते. खाली लाकडाचा भुगा दाबून केलेला पुठ्ठा. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली ही युक्ती स्वस्त आहे, ओरखड्याला चिवटही आहे. पण तिला घासून पुन्हा नवे करता येत नाही, आणि पाणी आत शिरले की ती पावासारखी फुगते. कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी कुठवर आले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांनी तळमजल्यावर अशी जमीन घालण्याआधी दोनदा विचार करावा. अस्सल लाकडाच्या फळ्या भिजल्या तरी चिखल काढून सावलीत सावकाश वाळवल्या तर पुष्कळदा वाचतात. चित्राला ती संधी नसते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढे सगळे करणार कोण? हाच तर खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते: ‘बाई आहे ना!’

त्या बाईचा हिशेब एकदा बँकवाल्याच्या पद्धतीने करून पाहू. समजा, एका घराची जमीन ६०० चौरस फूट. बाई दिवसाला सहा घरे करते. झाले ३,६०० चौरस फूट. सुट्या वजा जाता वर्षाचे ३०० दिवस धरू. १० लाख ८० हजार चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार करा: जवळजवळ २५ एकर! आपल्या उसाच्या जिल्ह्यात २५ एकर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बारमाही बागायतीला तर कायद्याने कुटुंबामागे १८ एकरांची कमाल मर्यादा आहे. पुसायच्या जमिनीला मात्र कमाल मर्यादा नाही, आणि सातबाऱ्यावर त्या बाईचे नावही नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी विचारले, दांड्याचे पोतेरे बरे की बसून पुसणे बरे? त्या म्हणाल्या, ‘काका, फडक्यानं कोपरा निघतोय, पण गुडघा जातोय.’ गुडघे टेकून जमिनी घासणाऱ्या बायकांच्या वाटीपुढे जी सूज येते, तिला इंग्रज डॉक्टरांनी ‘मोलकरणीचा गुडघा’ असेच नाव दिले आहे. दुखण्याला कामाचे नाव मिळाले. कामाला मान मिळायचा राहिला. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा कुठे या कामाला पगार, सुटी, आजारपण असते हे शहराला उमगले. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो २००८ मध्ये. कायदे होतात, पण कोपरा नीट निघाला की नाही हे पाहणारी आपली नजर मावशींच्या गुडघ्यापर्यंत पोहोचत नाही.

लाकडी जमीन या प्रश्नाला धार लावते. टाइल्सवर कोणीही, कसेही, कितीही पाणी मारून फडके फिरवले तरी चालते. लाकडाला ते चालत नाही. सहा घरांची घाई पाठीशी असलेल्या बाईने फडके नीट पिळावे, रेषा पाहून पुसावे, मग कोरडे फडके फिरवावे, आणि फळी फुगली तर बोलणीही तिनेच खावीत, ही कुठली रीत? ज्याच्या हौसेची जमीन, त्याने तिची निगा राखावी. आणि हौस बहुतेक वेळा घरधन्याची असते, म्हणून हे मी मुख्यतः पुरुषमंडळींना सांगतो आहे.

‘हे बायकांचे काम’ असे कोल्हापूरच्या पुरुषाने तरी म्हणू नये. जमिनीची सगळ्यांत कसून निगा या गावात पुरुषच राखत आले आहेत. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन पाहा. हौद्यातली लाल माती पैलवान स्वतः उकरतात, ढेकळे फोडतात, खडा वेचून काढतात. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालतात. नव्या पोराला आधी माती सारखी करायला शिकवतात, डाव नंतर. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, तेव्हापासून किती पैलवानांनी ती माती कपाळाला लावली असेल! ज्या मातीवर आपली पाठ टेकणार, ती दुसऱ्याने तयार करायची हे त्यांना पटत नाही. घरातली जमीन वेगळी का? तिच्यावर तर आपले नातवंड रांगते.

जपानमध्ये शाळेतली मुले रोज आपले वर्ग आणि व्हरांडे स्वतः पुसतात. हातात फडके, दोन्ही हात लाकडी जमिनीवर टेकलेले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शर्यत! तिथे ही शिक्षा नाही, शाळेच्या वेळापत्रकातला तास आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि आपली कामे आपण करत. केर काढणे हे काम कोणाचे, हे जन्मावर आणि बाई-पुरुष असण्यावर ठरवणाऱ्या समाजात तो मोठाच धडा होता. तो धडा आपण शाळेत ठेवून आलो, घरी आणला नाही.

म्हणून माझे सांगणे असे. लाकडी जमीन जरूर घाला. ऐपत असेल तर अस्सल घाला. जुना वाडा पाडताना निघालेले चांगले सागवान मिळाले तर आणखी उत्तम. ते उन्हा-पावसात मुरलेले असते. मावशींना त्या खोलीत फक्त कोरडा केर काढू द्या, पगार न कापता. रविवारी सकाळी, हे पान वाचून झाल्यावर, घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी मिळून ती खोली पुसावी. अर्धा तास पुरतो. आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि मागे मागे सरकत दारापर्यंत यावे, आपल्या आज्या येत तशा. गुडघ्याखाली जुनी सतरंजी घ्यायला हरकत नाही. दारात पोहोचल्यावर जे तोंडातून निघेल, ते पिढ्यान्‌पिढ्या या घरात कोण म्हणत आले आहे, याचा विचार मनात यावा.

कर्जाचा अर्ज आला की आम्ही रक्कम पाहत असू, तारण पाहत असू. पण सही करण्याआधी जामीनदाराचा रकाना हमखास पाहत असू. कर्जदाराने हात वर केले तर फेडणार कोण, हे तिथे लिहिलेले असे. सुताराने लाकडी जमिनीचे अंदाजपत्रक हातात दिले, की त्याच्या खाली तसाच एक रकाना आखून घ्यावा, ‘पुसणार कोण?’ आणि त्यात स्वतःचे नाव लिहून सही करता येत असेल, तरच सुताराला आगाऊ रक्कम द्यावी.